मोरचुदापासून सिस्प्लॅटिनपर्यंत

यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी कृषी केंद्रात मोरचूद मिळते. निळेशार, काचेसारखे खडे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी एवढे साहित्य घेतले की बोर्डो मिश्रण तयार होते. संत्र्याच्या बागेत किंवा भाजीपाल्यावर बुरशी पडली की शेतकरी ते फवारतात. मोरचूद हे तांब्याचे संयुग. बुरशीला ते मारते, आणि माणसाच्या पोटात गेले तर त्यालाही ते विषच.

आता दुसरीकडे पाहा. याच जिल्ह्यातला तोंडाच्या कर्करोगाचा एखादा रुग्ण उपचारासाठी नागपूरला, सेवाग्रामला किंवा थेट मुंबईला जातो. तिथे किरणोपचार चालू असताना त्याला सलाईनमधून एक रंगहीन औषध देतात. त्याचे नाव सिस्प्लॅटिन. हे औषध म्हणजे प्लॅटिनमचे संयुग. ज्या धातूच्या अंगठ्या सराफाच्या दुकानात सोन्याशेजारी मांडलेल्या असतात, तोच हा धातू.

धातूचे एक संयुग विष आणि दुसरे औषध, हे कसे? आणि प्लॅटिनमचे चांगले औषध हाताशी असताना जगभरचे रसायनशास्त्रज्ञ रुथेनियम, तांबे, सोने अशा दुसऱ्या धातूंच्या मागे का लागले आहेत? या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. ती सोडवण्यासाठी आपल्याला मोरचुदापासूनच सुरुवात करायची आहे.

धातूचे सोबती

आवर्तसारणी डोळ्यांसमोर आणा. तिच्या मधल्या पट्ट्यात लोह, कोबाल्ट, निकेल, तांबे, रुथेनियम, प्लॅटिनम, सोने ही मंडळी बसलेली आहेत. त्यांना संक्रमण धातू म्हणतात. सोडियम किंवा कॅल्शियम यांच्यापेक्षा त्यांचा स्वभाव निराळा. संक्रमण धातूचा आयन सहसा एकटा राहत नाही. तो आपल्याभोवती चार किंवा सहा रेणू अथवा आयन ठराविक दिशांना बांधून ठेवतो. पाणी, अमोनिया, क्लोराइड, नायट्रोजन किंवा गंधक असलेली सेंद्रिय संयुगे, असे कोणीही त्याला चालतात. शास्त्रीय भाषेत त्यांना लिगंड म्हणतात. आपण त्यांना धातूचे सोबती म्हणू. धातू आणि त्याचे सोबती मिळून जे बनते ते जटिल संयुग.

आपल्या शरीरातही अशी संयुगे आहेत. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोहाभोवती नायट्रोजनचे सोबती असतात आणि एक जागा ऑक्सिजनसाठी मोकळी असते. बी-१२ या जीवनसत्त्वाच्या मध्यभागी कोबाल्ट असतो. लोखंडाचा खिळा गिळून कोणाचे रक्त वाढत नाही. मात्र त्याच लोहाला योग्य सोबती मिळाले की ते आपल्याला जिवंत ठेवते. सोबती बदलले की धातूचा रंग बदलतो, विद्राव्यता बदलते आणि सजीवांवर होणारा परिणामही बदलतो. ही गोष्ट नुसती वाचू नका, डोळ्यांनी पाहा.

करून पाहा

(हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा. मोरचूद विषारी आहे. अमोनियाची वाफ डोळ्यांत व नाकात जाऊ देऊ नये. प्रयोगानंतर हात स्वच्छ धुवावेत.)

शंभर मिलिलिटर पाण्यात अर्धा चमचा मोरचूद विरघळवा. फिकट निळे द्रावण मिळेल. इथे तांब्याचे सोबती म्हणजे पाण्याचे रेणू. हे द्रावण तीन परीक्षानळ्यांत थोडे थोडे घ्या. पहिली नळी तशीच ठेवा.

दुसऱ्या नळीत अमोनियाचे द्रावण थेंबाथेंबाने घाला. आधी निळसर पांढरा साका येईल. आणखी अमोनिया घातला की साका विरघळून द्रावण गडद, जांभळट निळे होईल. पाण्याच्या रेणूंना बाजूला सारून अमोनियाचे रेणू तांब्याला जाऊन बसले.

तिसऱ्या नळीत साधे मीठ घालून हलवा, आणि ते विरघळायचे थांबेपर्यंत घालत राहा. निळा रंग हिरव्याकडे झुकेल. मिठातले क्लोराइड आता तांब्याचे सोबती झाले. या हिरव्या द्रावणात भरपूर पाणी ओता. रंग पुन्हा निळा! क्लोराइडची गर्दी होती तोवर तांब्याला क्लोराइड चिकटून होते. गर्दी विरळ झाली आणि पाण्याने त्यांची जागा घेतली. ही तिसरी नळी नीट लक्षात ठेवा. सिस्प्लॅटिन पेशीत शिरल्यावर काय करते, याची किल्ली तिच्यात आहे.

दोन भावंडांचे कोडे

१८४४ साली मिकेले पेरोने नावाच्या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने प्लॅटिनमचे एक पिवळे संयुग तयार केले. त्याच्या रेणूत प्लॅटिनमचा एक अणू, दोन क्लोराइड आणि दोन अमोनिया होते. सगळे मिळून अवघे ११ अणू; तुम्हीच मोजून पाहा. गंमत अशी की नेमके हेच घटक, याच प्रमाणात असलेले दुसरेही एक संयुग होते आणि त्याचे गुणधर्म वेगळे होते. घटक तेच, प्रमाण तेच, मग पदार्थ दोन कसे?

हे कोडे पुढे स्वित्झर्लंडमधल्या आल्फ्रेड वेर्नर या शास्त्रज्ञाने १८९३ साली सोडवले. त्याचा तर्क तुम्हालाही करता येईल. मातीचा एक गोळा घ्या. हा प्लॅटिनमचा अणू. त्याला चार आगकाड्या अशा टोचा की त्यांची टोके समान अंतरावर, चार दिशांना फाकलेली राहतील, म्हणजे चतुष्फलक तयार होईल. दोन टोकांना लाल मातीचे मणी लावा आणि दोन टोकांना पांढऱ्या मातीचे. आता मण्यांच्या जागा कशाही बदला, गोळा फिरवला की आकृती पहिल्यासारखीच दिसते. म्हणजे या रचनेत एकच संयुग शक्य आहे.

आता आगकाड्या काढा आणि अधिक चिन्हासारख्या एकाच पातळीत टोचा. या वेळी दोन रचना निघतील. एकीत लाल मणी शेजारीशेजारी येतील, दुसरीत ते समोरासमोर येतील. गोळा कितीही फिरवला तरी एकीची दुसरी होणार नाही. प्रत्यक्षात संयुगे दोन मिळतात, तेव्हा प्लॅटिनमचे चार सोबती एकाच पातळीत, चौरसाच्या कोपऱ्यांवर असले पाहिजेत, असे वेर्नरने अनुमान केले. अणू दाखवणारे कोणतेही उपकरण त्याच्यापाशी नव्हते. केवळ संयुगे मोजून त्याने आकार ओळखला. जटिल संयुगांवरच्या या कामाबद्दल त्याला १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

क्लोराइड शेजारीशेजारी असलेल्या प्रकाराला ‘सिस’ म्हणतात, समोरासमोर असलेल्याला ‘ट्रान्स’. पेरोनेचे संयुग सिस होते. ते पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ रसायनशास्त्राच्या पुस्तकात पडून राहिले. ते औषध आहे, अशी कोणाला शंकाही आली नाही.

लांबलेले जीवाणू

१९६० च्या दशकात अमेरिकेत मिशिगन राज्य विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग काम करत होते. ते मूळचे भौतिकीचे माणूस. पेशीचे विभाजन होताना तिच्यात जी तर्कूसारखी आकृती दिसते, ती त्यांना लोहचुंबकाभोवती जमलेल्या लोखंडाच्या किसासारखी वाटली. मग विद्युतक्षेत्राचा पेशीविभाजनावर काही परिणाम होत असेल का? हे पाहण्यासाठी त्यांनी जीवाणू वाढत असलेल्या द्रावणात प्लॅटिनमची विद्युत्-अग्रे बुडवली आणि प्रवाह सुरू केला. प्लॅटिनम निवडला, कारण तो कशाशीही अभिक्रिया करत नाही असा त्याचा लौकिक.

परिणाम विलक्षण झाला. जीवाणू मेले नाहीत, पण त्यांचे विभाजन थांबले. ते नुसते लांबत गेले. काही तर नेहमीपेक्षा ३०० पट लांब झाले. विजेचाच हा प्रताप, असे म्हणून इथे थांबता आले असते. रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकारी लोरेटा व्हॅन कॅम्प थांबले नाहीत. त्यांनी एकेक शक्यता तपासली. शेवटी असे आढळले की दोष विजेचा नव्हताच. ‘निष्क्रिय’ प्लॅटिनम अगदी अल्प प्रमाणात विरघळत होता. द्रावणात अमोनियम क्लोराइड होते. त्यातून अमोनिया आणि क्लोराइड हे सोबती घेऊन प्लॅटिनमची संयुगे बनत होती, आणि तीच जीवाणूंचे विभाजन अडवत होती. हे काम १९६५ साली प्रसिद्ध झाले. त्यातही सिस रचनेची संयुगे गुणकारी ठरली, ट्रान्स रचनेची निरुपयोगी.

कर्करोग म्हणजे तरी काय? पेशींचे बेबंद विभाजन. मग विभाजन थांबवणारे हे संयुग तिथे वापरून पाहिले तर? उंदरांच्या गाठींवर केलेल्या प्रयोगांचा निष्कर्ष १९६९ साली प्रसिद्ध झाला. गाठी विरल्या होत्या. १९७१ साली पहिल्या रुग्णाला हे औषध दिले गेले. १९७४ साली इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते आणखी दोन औषधांबरोबर वृषणाच्या कर्करोगासाठी वापरले. त्याआधी हा रोग अंगात पसरल्यावर दहा रुग्णांपैकी जेमतेम एक वाचत असे. या उपचारानंतर बहुसंख्य तरुण रुग्ण वाचू लागले. १९७८ साली अमेरिकेत सिस्प्लॅटिनला मान्यता मिळाली. पेरोनेचे पिवळे संयुग १३४ वर्षांनी दवाखान्यात पोहोचले.

पेशीच्या आत काय घडते?

आता ती तिसरी परीक्षानळी आठवा. आपल्या रक्तात क्लोराइड भरपूर असते, कारण रक्त खारट आहे. त्यामुळे शिरेतून दिलेले सिस्प्लॅटिन रक्तात असेपर्यंत आपले दोन्ही क्लोराइड बहुतांशी धरून ठेवते. पेशीच्या आत मात्र क्लोराइडचे प्रमाण कितीतरी कमी असते. तिथे शिरल्यावर क्लोराइड सुटतात आणि त्यांच्या जागी पाण्याचे रेणू येतात. तुमच्या नळीत पाणी ओतल्यावर घडले, तेच हे.

पाण्याची पकड सैल असते. म्हणून प्लॅटिनम अधिक चांगला सोबती शोधतो, आणि तो त्याला डीएनएमध्ये सापडतो. डीएनएच्या शिडीवर ग्वानिन नावाचा जो घटक आहे, त्याच्यातला एक नायट्रोजन अणू प्लॅटिनमला विशेष प्रिय. दोन ग्वानिन शेजारीशेजारी असतील तर प्लॅटिनम आपल्या दोन मोकळ्या हातांनी दोघांनाही धरतो. डीएनएची शिडी त्या जागी वाकते. वाकलेल्या शिडीची नक्कल करताना पेशीची यंत्रणा अडखळते. दुरुस्ती जमली नाही की पेशी मरते.

ट्रान्स रचनेचे हात समोरासमोर असतात. शेजारच्या दोन ग्वानिनना ते एकाच वेळी धरू शकत नाहीत. अकरा अणू तेच, पण मणी समोरासमोर बसवले आणि औषधाचे औषधपण गेले!

आणखी एक गोष्ट वेगाची. तुमच्या परीक्षानळीत तांब्याने सोबती क्षणात बदलले. प्लॅटिनमला त्यासाठी काही तास लागतात. ही संथगतीच त्याचा गुण आहे. तांब्याइतका तो उतावळा असता, तर रक्तातच वाटेत भेटेल त्या प्रथिनाला चिकटला असता आणि डीएनएपर्यंत फारच थोडा पोहोचला असता.

औषधाची किंमत

इतके गुणी औषध असताना पर्याय कशाला हवेत? कारण विभाजन होत असलेली प्रत्येक पेशी कर्करोगाची नसते. सिस्प्लॅटिनमुळे तीव्र मळमळ व उलट्या होतात. ते मूत्रपिंडातून बाहेर पडते आणि जाता जाता मूत्रपिंडाला इजा करते. म्हणून औषधाच्या आगेमागे रुग्णाला भरपूर सलाईन द्यावे लागते. कानाच्या आतल्या नाजूक पेशींना धक्का बसून काहींना कमी ऐकू येऊ लागते. शिवाय काही गाठी कालांतराने या औषधाला दाद देईनाशा होतात. त्यांच्या पेशी औषध आत येऊ देत नाहीत, गंधकयुक्त रेणूंनी प्लॅटिनमला वाटेतच पकडतात किंवा डीएनए झटपट दुरुस्त करतात.

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. विदर्भात सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून केलेला खर्रा गावोगावी खाल्ला जातो. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या जिल्ह्यांतल्या पानठेल्यांवर तो सहज मिळतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, पण खर्ऱ्याची सवय राहिली. तंबाखू कर्करोगकारक आहे हे सर्वांना ठाऊक असते. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेला निष्कर्ष मात्र फार थोड्यांना माहीत असतो. अशा व्यसनातून होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर धोका जास्त वाटला, तर किरणोपचार आणि सिस्प्लॅटिन बरोबर दिले जाते.

ते किती द्यावे, याचा एक महत्त्वाचा अभ्यास मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. औषधाचे प्रमाण शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर ठरवतात. दर तीन आठवड्यांनी चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम ही जुनी पद्धत. तिच्यासाठी रुग्णाला बहुधा दाखल करून घ्यावे लागते, आणि आपल्याकडे खाटा अपुऱ्या. म्हणून अनेक ठिकाणी दर आठवड्याला ३० मिलिग्रॅमचा लहान डोस देत असत. तो सोसायला सोपा, पण तेवढाच गुणकारी आहे का? डोके व मान या भागांत वाढलेल्या कर्करोगाचे ३०० रुग्ण २०१३ ते २०१७ या काळात चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले गेले. त्यांतले बहुतेक तोंडाच्या कर्करोगाचे होते. दोन वर्षांनी मोठ्या डोसच्या गटात ७३.१ टक्के रुग्णांमध्ये रोग मूळ जागी व आसपास आटोक्यात होता, लहान डोसच्या गटात ५८.५ टक्क्यांमध्ये. मात्र तीव्र दुष्परिणाम मोठ्या डोसमध्ये ८४.६ टक्क्यांना झाले, लहान डोसमध्ये ७१.६ टक्क्यांना. जास्त गुण हवा असेल तर जास्त त्रास सोसावा लागतो, असा या आकड्यांचा अर्थ. पुढे २०२२ साली जपानमधल्या एका चाचणीत आठवड्याला ४० मिलिग्रॅमचा डोस जुन्या मोठ्या डोसपेक्षा कमी पडत नाही असे आढळले. तीस आणि चाळीस यांतला फरकसुद्धा असा महत्त्वाचा ठरू शकतो.

याच रुग्णालयातली दुसरी मोठी चाचणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची. रोग बराच वाढलेल्या ८५० स्त्रियांपैकी अर्ध्यांना नुसते किरणोपचार दिले, अर्ध्यांना त्याबरोबर सिस्प्लॅटिनही दिले. पाच वर्षांनी पहिल्या गटातल्या ४६ टक्के स्त्रिया हयात होत्या, दुसऱ्या गटातल्या ५४ टक्के. शंभर जणींमागे आठ जणी अधिक. हे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. आठ हा आकडा लहान वाटेल, पण त्या आठ घरांना विचारा.

ज्यांचे मूत्रपिंड किंवा कान आधीच दुबळे आहेत, त्यांना मात्र सिस्प्लॅटिन देताच येत नाही. त्यांच्यासाठीच पर्याय हवा.

प्लॅटिनमची धाकटी भावंडे

पहिला मार्ग सरळ आहे. धातू तोच ठेवायचा, सोबती बदलायचे. सिस्प्लॅटिनमधले दोन क्लोराइड काढून त्यांच्या जागी दोन्ही हातांनी घट्ट धरणारा एक सेंद्रिय सोबती बसवला आणि कार्बोप्लॅटिन तयार झाले. हा सोबती सावकाश सुटतो, म्हणून मूत्रपिंडाला इजा बरीच कमी होते. अमेरिकेत १९८९ साली त्याला मान्यता मिळाली. जपानमध्ये नागोया येथे योशिनोरी किदानी यांनी १९७६ साली ऑक्झॅलिप्लॅटिन बनवले. त्यात अमोनियाच्या जागी एक मोठा सेंद्रिय सोबती आहे. सिस्प्लॅटिन जिथे फारसे चालत नाही, त्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ते उपयोगी पडले. ही तिन्ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

पण भावंडांचेही दुष्परिणाम आहेतच. कार्बोप्लॅटिनमुळे रक्तपेशी घटतात, ऑक्झॅलिप्लॅटिनमुळे हातापायांच्या नसा बधिर होतात. शिवाय एकाला न जुमानणारी गाठ पुष्कळदा दुसऱ्यालाही जुमानत नाही. म्हणून दुसरा मार्ग निघाला: धातूच बदलायचा.

रांगेतले इतर धातू

टायटॅनियमचा प्रयत्न लवकर झाला. १९७९ साली जर्मनीत त्याच्या एका संयुगाचा उंदरांच्या गाठींवर गुण दिसला. पण टायटॅनियमची संयुगे पाण्यात फार लवकर मोडतात, आणि शरीर तर मुख्यतः पाणीच! रुग्णांवरच्या चाचण्यांत अपेक्षित गुण दिसला नाही, आणि तो मार्ग मागे पडला.

रुथेनियमने मोठी आशा दाखवली. सोबती बदलण्याची त्याची गती प्लॅटिनमसारखीच संथ आहे. इटलीत त्रिएस्ते येथे तयार झालेले ‘नामी-ए’ हे संयुग उंदरांच्या मूळ गाठीपेक्षा फुप्फुसात पसरलेल्या रोगावर जास्त परिणाम करत होते. १९९९ साली ते माणसांवर तपासले जाऊ लागले. रुग्णांमध्ये मात्र त्याचा गुण पुरेसा दिसला नाही आणि ते सोडून द्यावे लागले. व्हिएन्नामध्ये बर्नहार्ड केपलर यांच्या गटाने दुसरे रुथेनियम संयुग पुढे नेले. कॅनडात तर एक नवीच युक्ती तपासली गेली. मूत्राशयात रुथेनियमचे असे संयुग सोडायचे की जे अंधारात फारसे काही करत नाही. मग तिथे हिरवा प्रकाश टाकायचा. प्रकाश पडेल तिथेच ते संयुग जागे होते आणि ऑक्सिजनच्या मदतीने पेशी मारते. औषध कुठे काम करील, हे इथे प्रकाशाने ठरवता येते. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अखिल चक्रवर्ती यांनी लोह, तांबे अशा धातूंची प्रकाशाने जागी होणारी संयुगे अनेक वर्षे अभ्यासली आहेत.

तांब्याची वाट महाराष्ट्रातूनही जाते. पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात सुभाष पाध्ये यांनी औषधी उपयोगाच्या धातुसंयुगांवर दीर्घकाळ काम केले. नायट्रोजन आणि गंधक या दोन्ही हातांनी धातू पकडणाऱ्या थायोसेमिकार्बाझोन या वर्गाच्या संयुगांचा त्यांनी जॉर्ज कॉफमन यांच्यासह १९८५ साली घेतलेला आढावा जगभरच्या संशोधकांनी वापरला आहे. हळदीतले कुरकुमिन आणि चित्रकाच्या मुळातले प्लंबागिन ही आपल्या ओळखीच्या वनस्पतींमधली द्रव्ये. त्यांना तांब्यासारख्या धातूची जोड दिली तर कर्करोगाच्या पेशींवर काय परिणाम होतो, हेही पाध्ये यांच्या गटाने तपासले.

नवी मुंबईत खारघर येथे टाटा मेमोरियल केंद्राचे संशोधन केंद्र आहे. तिथे डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने तांब्याचा उपयोग अगदी वेगळ्या हेतूने केला. मरणाऱ्या पेशींतून डीएनएचे तुकडे बाहेर पडतात आणि ते निरोगी पेशींत शिरून त्यांना इजा करतात, असे त्यांचे मत. द्राक्षांत सापडणारे रेस्व्हेराट्रॉल आणि अल्पसे तांबे एकत्र आले की ऑक्सिजनचे अतिशय क्रियाशील कण तयार होतात. ते हे मोकाट तुकडे नष्ट करतात. मोजक्या रुग्णांवरच्या अभ्यासात उपचारांचे काही दुष्परिणाम, उदाहरणार्थ तोंड येणे, कमी झालेले आढळले. २०२४ साली या कामाला मोठी प्रसिद्धी मिळाली. पण मोजक्या रुग्णांत दिसलेले फळ शेकडो रुग्णांच्या चाचणीत टिकावे लागते. ते टिकल्याखेरीज त्याला सिद्ध औषध म्हणता येणार नाही.

चाळणीतून काय उरते?

काचेच्या बशीतल्या पेशी मारणारी धातूंची संयुगे आजवर हजारोंनी तयार झाली आहेत. त्यांतली थोडी उंदरांत गुण दाखवतात. त्याहून थोडी माणसांपर्यंत पोहोचतात. यात नवल नाही. बशीतल्या पेशी मोरचूदही मारील! कठीण आहे ते रुग्णाला वाचवून रोग मारणे. त्यासाठी संयुगाने पाण्यात टिकले पाहिजे, वाटेतल्या प्रथिनांना चुकवले पाहिजे, योग्य ठिकाणी सोबती सोडले पाहिजेत आणि काम झाल्यावर शरीराबाहेर गेले पाहिजे.

म्हणूनच एक सावधगिरी. तांब्याच्या संयुगावर संशोधन चालू आहे, याचा अर्थ तांब्याच्या भांड्यातले पाणी कर्करोग बरा करते असा होत नाही. सोन्याचे एक संयुग संधिवातावर वापरले जाते, त्यावरून सोन्याच्या प्रत्येक पदार्थात तो गुण आहे असेही ठरत नाही. सिस आणि ट्रान्स या सख्ख्या भावंडांत इतके अंतर, तर वेगवेगळ्या संयुगांत किती असेल! पुरावा असतो तो त्या एका संयुगाचा. त्या धातूच्या बाकी संयुगांना तो लागू होत नाही.

आणि पर्याय धातूचाच असला पाहिजे असे तरी कुठे आहे? सिस्प्लॅटिन सोसू न शकणाऱ्या डोके-मानेच्या कर्करोगाच्या ३५६ रुग्णांवर टाटा मेमोरियलमध्ये एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. किरणोपचारांबरोबर डोसेटॅक्सेल दिल्यावर दोन वर्षांनी ४२ टक्के रुग्ण हयात आणि रोगमुक्त होते. नुसत्या किरणोपचारांत हे प्रमाण ३०.३ टक्के होते. डोसेटॅक्सेलमध्ये धातूचा एकही अणू नाही. ते यू नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या पानांतल्या द्रव्यापासून बनवतात. रुथेनियमला न मिळालेले यश इथे एका झाडाने मिळवून दिले. पुढचा पर्याय कोणत्या दिशेने येईल, हे चाचण्याच सांगतील.

तोवर खर्ऱ्याची पुडी नाकारणे हा उपाय आपल्या हाती आहे. त्याला ना सलाईन लागते, ना मुंबईची गाडी. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा उठला, जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, किंवा तोंड पुरते उघडेनासे झाले, तर डॉक्टरांना लगेच दाखवावे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना सांगण्याचे काम तुम्ही करू शकता. रोग लवकर सापडला तर पुष्कळदा शस्त्रक्रियेवरच भागते आणि सिस्प्लॅटिनची वेळच येत नाही.

वर्गात चर्चेसाठी

१. एका रुग्णाच्या शरीराचे क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर आहे. चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम या प्रमाणात त्याला किती सिस्प्लॅटिन लागेल? सिस्प्लॅटिनचा रेणुभार ३०० आणि प्लॅटिनमचा अणुभार १९५ धरून त्यात प्लॅटिनम किती मिलिग्रॅम, तेही काढा.

२. सिस्प्लॅटिन देताना ते मिठाच्या पाण्यात, म्हणजे सलाईनमध्ये का मिसळतात? साध्या पाण्यात मिसळले तर काय होईल? तिसऱ्या परीक्षानळीच्या आधारे उत्तर द्या.

३. प्लॅटिनमला सहा सोबती असलेली संयुगेही असतात. मातीच्या गोळ्याला सहा आगकाड्या टोचा. चार एका पातळीत, एक वर, एक खाली. दोन लाल आणि चार पांढरे मणी लावून किती वेगवेगळ्या रचना होतात ते शोधा. वेर्नरने हेच केले होते.